वाडीवरचे गरम पाणी आणि साकीनाक्याचे कारागीर

गावाकडे वाडीत एखादी खोली बांधावी आणि उतारवयात तेथे जाऊन राहावे, असा विचार साकीनाक्यातील अनेक व्यापारी व कारागीर बांधव करीत असतात. कुणाची मुळे म्हसळा-श्रीवर्धनकडे आहेत, कुणाची मंडणगड, खेड, दापोलीकडे. कुणी मुरबाड-शहापूरच्या बाजूला दोन-चार गुंठे जमीन घेतली आहे. खोली उभी राहते, विहिरीला पाणी लागते, पण विजेचा खांब दूर असतो. मग पहिला प्रश्न दिव्याचा येतो आणि दुसरा गरम पाण्याचा. दिव्याचा प्रश्न आता अवघड राहिलेला नाही. एक लहान सोलर पॅनल, एक बॅटरी आणि चार एल.ई.डी. बल्ब एवढ्यात तो सुटतो. गरम पाण्याच्या बाबतीत मात्र आपले लोक चुकीच्या दुकानाची पायरी चढतात आणि कष्टाचा पैसा अक्षरशः पाण्यात घालतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वीज नसलेल्या जागी पाणी तापवण्यासाठी वीज तयार करू नका. उन्हाने पाणी सरळ तापवा आणि पावसाळ्यासाठी बंब ठेवा. दुसरे असे की, ही सोय बसवून देण्याचे व तिची देखभाल करण्याचे काम साकीनाक्याच्या कारागिरांनी धंदा म्हणून हाती घ्यावे. माझा व्यवसाय कापडाचा, इंजिनियरिंगचा नव्हे. परंतु हिशेब मांडणे हे व्यापाऱ्याचे काम आहे आणि येथे बराचसा मुद्दा हिशेबाचाच आहे.

गरज खरोखर आहे काय?

कोकणात थंडी ती कुठली, असे कुणी म्हणेल. मुंबईच्या मानाने हे बोलणे ठीक आहे. परंतु डिसेंबर-जानेवारीत फजरच्या वेळी विहिरीचे पाणी अंगावर घेणे तरुणाला जमते, सत्तरीच्या वडीलधाऱ्यांना जमत नाही. घरात बाळंतीण असेल तर गरम पाणी रोजच लागते. संधिवाताचा त्रास असणाऱ्याला ते औषधाइतके उपयोगी पडते. मय्यतीच्या गुस्लसाठीही आपण कोमट पाणी वापरतो. तेव्हा गरम पाणी ही चैन नाही, घरातील दुर्बल माणसांची ती गरज आहे.

शिवाय ज्यांच्या घरी आज वीज आहे, त्यांनीही हा विचार करावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत माड-पोफळी झोपल्या, घरांचे पत्रे कागदासारखे उडाले आणि विजेचे खांब रांगेने आडवे झाले. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ च्या सुमारास, महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. सांगण्याचा उद्देश एवढाच की, तारेला जोडलेले घरसुद्धा एका रात्रीत तारेविना होऊ शकते. अशा वेळी ज्या घरात विजेशिवाय पाणी तापते, ते घर शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडते.

आधी हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच-सहा माणसांच्या घराला रोज १०० लिटर गरम पाणी पुरते असे धरू. विहिरीचे पाणी २५ अंशांवर असते, ते ५५ अंशांपर्यंत न्यायचे आहे. म्हणजे ३० अंश वाढवायचे. १०० गुणिले ३० म्हणजे ३,००० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत हे सुमारे साडेतीन युनिट होतात. शहरात युनिट समजा १० रुपयांना पडत असेल, तर रोजचे ३५ रुपये झाले. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा दर घालून हा आकडा स्वतः काढावा.

आता वाडीवर हीच साडेतीन युनिटे बॅटरीतून घ्यायची म्हटले तर काय होते ते पाहा. इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. तिच्यात पूर्ण भरल्यावर १.८ युनिट वीज मावते आणि तीही शेवटच्या थेंबापर्यंत काढली तर बॅटरी लवकर मरते. म्हणजे एका सकाळच्या आंघोळीसाठी तीन बॅटऱ्या लागल्या. त्या भरायला जवळजवळ एक किलोवॅटचे पॅनल लागेल. छपरावर पाच-सहा चौरस मीटर जागा लागेल आणि एवढे सारे करूनही दिव्या-पंख्यासाठी काही शिल्लक उरणार नाही. काही वर्षांनी बॅटऱ्या बदलायचा खर्च वेगळाच. घरगुती इन्व्हर्टरवर २,००० वॅटचा गिझर चालतच नाही, हे तर लाइटवाल्याचा पोऱ्यासुद्धा सांगेल.

उलट उन्हाचा हिशेब असा आहे. महाराष्ट्रात थंडीतल्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे ५ युनिट इतकी उष्णता पडते. पाणी तापवण्याचा सोलर संच तिच्यातली साधारण निम्मी पाण्यात उतरवतो, तर वीज तयार करणारे पॅनल पाचव्या हिश्श्याच्या आसपासच पकडते. म्हणून दोन चौरस मीटरच्या संचात १०० लिटर पाणी रोज तापते. बॅटरी नको, इन्व्हर्टर नको, मोटर नको. सूर्य जे देतो ते उष्णतेच्याच रूपात देतो. ती उष्णता आधी विजेत बदलायची आणि मग विजेची पुन्हा उष्णता करायची, हा तागा विकून चिंध्या घेण्याचा व्यवहार आहे.

हे काम कसे चालते?

औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्या शहरासाठी नहर बांधून जी परंपरा घातली, तिच्याच मार्गाने पुढे दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ही चक्की फिरवली गेली. तेथे मोटर नव्हती. पाण्याचा स्वभाव ओळखून जागेची उंची आणि नळाचा उतार अचूक धरला होता, एवढेच.

सोलर संचातही पाण्याच्या स्वभावावरच काम चालते. पाणी तापले की हलके होते आणि वर चढते. थंड पाणी जड असते, ते खाली उतरते. काळ्या रंगाच्या पट्ट्या किंवा नळ्या खाली उन्हात ठेवायच्या आणि टाकी त्यांच्या वर ठेवायची. खालचे पाणी तापून टाकीत जाते, टाकीच्या तळातले थंड पाणी नळ्यांत उतरते. सूर्य आहे तोवर हे रहाट फिरत राहते. संध्याकाळपर्यंत टाकी तापते आणि टाकीला चांगले वेष्टण असेल तर दुसऱ्या दिवशी फजरलाही पाणी ऊन मिळते.

ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. मुंबई हायकोर्टात अधिकारी असलेल्या विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रजाने कुलाब्यात आरसे मांडून उन्हावर वाफेचे इंजिन चालवून दाखवले होते आणि १८७८ साली उन्हाच्या उष्णतेवर पुस्तकही प्रसिद्ध केले होते. गरम देशांत इंधनाऐवजी ऊन वापरावे, हाच त्याचा आग्रह होता. आज तुर्कस्तान, जॉर्डन आणि फलस्तीनमध्ये घरांच्या छपरांवर अशा टाक्या सर्रास दिसतात. थंड मुलुखात नळ्यांतले पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून वेगळी औषधे आणि यंत्रे लावावी लागतात. आपल्याकडे ती भीती नाही. म्हणजे हे काम आपल्याला त्यांच्यापेक्षा सोपे आणि स्वस्त आहे.

बसवताना काय पाहावे

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक सपाट पेटीचा. त्यात तांब्याच्या नळ्या, काळी पट्टी आणि वर काच असते. दुसरा दुहेरी काचेच्या नळ्यांचा. या नळ्यांच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. दुसरा प्रकार बहुधा स्वस्त पडतो आणि खाऱ्या पाण्याला अधिक तोंड देतो. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने सपाट पेटीच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या तुंबतात. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचे पाणी सहसा मऊ असते, तेथे सपाट पेटी चांगली टिकते. शिवाय कोकणात माकडे आहेत आणि माडावरून नारळ पडतो. काचेची नळी त्यापुढे काय टिकणार? पेटीची जाड काचही माडाखाली ठेवू नये. वाडीत मोकळे आकाश असेल अशी जागा निवडावी, सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत सावली पडता कामा नये. सपाट पेटी घेताना आय.एस. १२९३३ हा क्रमांक आणि आय.एस.आय. मार्क पाहून घ्यावा.

संचाचे तोंड दक्षिणेला असावे. आपल्या भागात ३० ते ३५ अंशांचा कल ठेवला की थंडीतले खाली उतरलेले ऊन चांगले मिळते आणि गरज थंडीतच जास्त असते. सपाट पेटी असेल तर गरम टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा एक फूट तरी उंच हवा. नाहीतर रात्री रहाट उलटे फिरते आणि तापलेले पाणी परत थंड होते. थंड पाण्याची टाकी गरम टाकीच्याही वर हवी. म्हणजे नुसत्या उंचीने पाणी येते, पंपाची गरज राहत नाही. विहिरीवरून ती टाकी हातपंपाने, लहान सोलर पंपाने किंवा आठवड्यातून एकदा डिझेल इंजिनाने भरता येते.

नळाला सगळीकडे एका दिशेने चढ असावा. मध्ये उंटाची पाठ झाली की तेथे हवा अडकते आणि पाणी थांबते. गरम टाकीवरून एक उघडी नळी थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यावी. वाफ आणि दाब त्यातून निघून जातो. ही नळी कधीही बंद करू नये, तिला बूच मारणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे होय. साधा पी.व्ही.सी. पाइप गरम पाण्याने नरम पडतो. सी.पी.व्ही.सी. किंवा जी.आय. वापरावा. काचेच्या नळ्यांचा संच भर दुपारी प्रथमच भरू नये, तापलेल्या कोरड्या काचेत थंड पाणी गेले की ती तडकते. भरणी सकाळी लवकर किंवा मगरिबनंतर करावी. चौकट चिऱ्याच्या बांधकामात बोल्टने पक्की जखडावी. निसर्ग वादळाचा धडा विसरू नये.

वेष्टणाविषयी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रजई ऊब देते ती कापसात अडकलेल्या हवेमुळे. साकीनाक्यात शिलाईच्या गाळ्यांतून रोज गोण्यांनी कतरण निघते. कारखान्यातून आलेल्या टाकीला आधीच फोमचे वेष्टण असते, तेथे काही करायला नको. परंतु टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप बहुधा उघडाच असतो आणि ऊब तेथे वाया जाते. त्यावर सुती कतरण जाड गुंडाळून वर पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे पाणी न शिरणारे आवरण घातले तर फुकटात काम होते. कतरण भिजली की तिचा उपयोग संपतो, म्हणून आवरण महत्त्वाचे. आणि बंबाजवळ कतरण मुळीच नको, विशेषतः पॉलिस्टरची.

पावसाळ्यासाठी बंब

कोकणात जून ते सप्टेंबर ऊन नावालाच असते. त्या काळात सोलरवाला किती पाणी तापवून देईन म्हणतो याकडे लक्ष देऊ नये. तेव्हा आपला जुना तांब्याचा बंबच खरा. मधोमध जाळाची नळी आणि भोवती पाणी अशी त्याची रचना आहे, म्हणून चुलीवरच्या हंड्यापेक्षा त्यात लाकूड कमी जळते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे कारागीर पिढ्यान्पिढ्या तांब्याचे काम करीत आले आहेत. १०० लिटर पाणी तापवायला दोन-अडीच किलो वाळलेले लाकूड पुरे होते. वाडीत नारळाच्या करवंट्या, सोडणे, झावळ्या असतातच. रिकामा बंब कधीही पेटवू नये, सांधे सुटतात. आणि बंब पडवीत किंवा उघड्या पाखीखाली ठेवावा, बंद न्हाणीत नाही.

काही जण विचारतात, बंब आहे तर सोलर कशासाठी? याचे उत्तर घरातल्या स्त्रियांनी द्यावे. लाकूड गोळा करणे, फोडणे, पहाटे उठून धुरात फुंकणे हे काम कोण करते? वर्षातले सात-आठ महिने हे कष्ट आणि हा धूर वाचणार असेल, तर त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

जिवाशी खेळ नको

स्वस्ताईच्या नादात तीन गोष्टी आपल्या वस्तीत नेहमी दिसतात. गावी जाताना त्या सवयी बरोबर नेऊ नयेत.

पहिली, गॅस गिझर. बंद न्हाणीत गॅस जळला की हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारा माणूस ओरडू न शकता कोसळतो. गॅस गिझर बसवायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

दुसरी, केमिकलचे जुने ड्रम. काळा रंग दिलेला ड्रम काचेच्या पेटीत ठेवून पाणी तापवणे हा सर्वात साधा उपाय आहे. अमेरिकेत १८९१ साली असाच संच पेटंट घेऊन विकला गेला. गरिबाच्या खोलीसाठी तो आजही चांगला आहे. पण साकीनाक्यात ड्रम मिळतो तो कशाचा होता हे विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲसिड, रंग, सॉल्व्हंट यांचा ड्रम कितीही धुतला तरी त्यातले पाणी मुलांच्या अंगावर घालण्यासारखे नसते. नवी टाकी घ्यावी किंवा खाण्याच्या तेलाचा पिंप घ्यावा.

तिसरी, जाळ आणि बिछाना एकाच छपराखाली. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे आपल्याच खैरानी रोडवर एका फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि १२ कामगारांचा मृत्यू झाला. कामाच्या जागीच झोपणारे गरीब लोक होते ते. त्या पहाटेनंतर तरी जाळाची जागा आणि झोपायची जागा वेगळी असावी, हे आपल्याला कुणी सांगावे लागू नये. वाडीवर जागेची कमतरता नसते, तेथे तर याला सबबच नाही.

एक सूचना आणखी. उन्हाळ्यात सोलर टाकीतले पाणी ६० अंशांच्या वर जाते. एवढ्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. बालदीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम. लहान मुलांना गरम नळाजवळ एकटे सोडू नये.

एक मसला

कोकणातील आपले अनेक बांधव शाफई आहेत आणि त्यांच्यातील जाणकार एक प्रश्न हमखास विचारतात. उन्हाने तापलेले पाणी वुजू-गुस्लला मकरूह नाही का? प्रश्न योग्य आहे. शाफई फिकहच्या किताबांत उन्हाने तापलेल्या पाण्याविषयी कराहतीची चर्चा आहे. परंतु तेथे गरम मुलुख, ठोकून घडवलेले धातूचे भांडे, आणि पाणी गरम असतानाच अंगावर घेणे अशा अटी आहेत. हे कारण आरोग्याचे सांगितले गेले आहे आणि अशा पाण्याने केलेला वुजू होतोच. इमाम नववी (रह.) यांच्यासारख्या शाफई इमामांनी तर दलीलीच्या दृष्टीने ही कराहत ग्राह्य धरलेली नाही. आजच्या संचांत काचेच्या नळ्या आणि आतून मुलामा दिलेल्या टाक्या असतात, हेही ध्यानात घ्यावे. मी आलिम नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या जमाअतीच्या मुफ्ती साहेबांना संच दाखवून विचारावे. मात्र अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून मशिदीतल्या म्हाताऱ्या नमाजींची सोय अडवू नये.

त्याचबरोबर पाणी गरम आहे आणि फुकट आहे म्हणून नळ उघडा सोडणे हाही इस्राफच आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

धंद्याची बाजू

आता मुख्य मुद्दा. साकीनाक्यात पत्रा वाकवणारे, वेल्डिंग करणारे, पावडर कोटिंग करणारे, लेथवाले, प्लंबर, शिलाईवाले सगळे एका हाकेच्या अंतरावर आहेत. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली, साकीनाक्याला स्टेशन झाले आणि जागांचे भाव चढले. लहान गाळेवाल्याला भाडे परवडेनासे झाले आहे. ठराविक गिऱ्हाइकाचे जॉबवर्क करून पोट भरणाऱ्या कारागिराला नवे काम शोधावेच लागणार आहे.

गरम पाण्याच्या संचात तो काय करू शकतो? काचेच्या नळ्या आणि तांब्याच्या पट्ट्या मोठ्या कारखान्यांतूनच घ्याव्यात, त्या घरी बनवण्याच्या वस्तू नव्हेत. परंतु चौकट, टाकीचा ओटा, पाइप-फिटिंग, वेष्टण, बंबाची पाखी, संच उभा करणे आणि वर्षातून एकदा येऊन क्षार काढणे हे सारे काम कारागिराचे आहे. कंपनीचा माणूस म्हसळ्याच्या आतल्या वाडीपर्यंत जायला तयार नसतो. ज्याचे गाव तेथेच आहे तो ईदला घरी जातो तेव्हाही दोन संच बघून येऊ शकतो. ही आपली ताकद आहे आणि ती आपण वापरत नाही.

गिऱ्हाईक कोण? वाडीत परतणारी कुटुंबे आहेत. मदरसे, मुसाफिरखाने आणि मशिदींचे हौज आहेत. आखातातून परत येऊन घर बांधणारे लोक आहेत. सरकारी मदतीच्या भरवशावर मात्र राहू नये. सोलर वॉटर हीटरसाठीची केंद्राची सबसिडी २०१४ साली बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पी.एम. सूर्यघर योजना ही तारेला जोडलेल्या छतावरच्या विजेसाठी आहे, तारेपासून दूर असलेल्या खोलीतल्या गरम पाण्यासाठी नाही. ‘सबसिडी मिळवून देतो’ म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर सावध राहावे.

भांडवल कोठून आणायचे? व्याजाच्या कर्जाशिवाय काम होत नाही असे आपण धरून चाललो आहोत. आपल्या शरीअतने मुदारबाचा रस्ता दाखवला आहे. व्यापाऱ्याने भांडवल घालावे, कारागिराने मेहनत घालावी आणि नफ्याचा हिस्सा आधीच लिहून ठरवावा. नुकसान झाले तर भांडवलाचे नुकसान भांडवलवाल्याचे, मेहनत वाया गेली ती कारागिराची, अट एवढीच की त्याने हयगय किंवा बेइमानी केलेली नसावी. चार संचांचे सामान उभे करायला फार मोठी रक्कम लागत नाही. बाजारातील दोन-तीन व्यापारी एकत्र आले तर एका फिटर आणि एका वेल्डरचे दुकान उभे राहू शकते. मी कापडवाल्यांनाच प्रथम हे सांगतो, कारण उधारीत अडकलेला आपला पैसा यापेक्षा चांगल्या जागी कोठे असतो?

या धंद्यात टिकायचे असेल तर तीन नियम पाळावे लागतील. पक्के बिल द्यावे. ५० लिटरचा संच १०० लिटर म्हणून विकू नये, कारण मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनने किती कठोर शब्द वापरले आहेत हे आपण जाणतो. आणि पावसाळ्यात पाणी तापणार नाही हे विकण्यापूर्वीच सांगावे. खरे सांगून एक गिऱ्हाईक गेले तरी त्याच्या सांगण्यावरून दहा येतात.

शेवटी

कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, खांब येईल तेव्हा येईल. खांब यावा, त्यासाठी अर्ज जरूर करावा. परंतु तो आल्यावरही रोज साडेतीन युनिट जाळून पाणी तापवायचे की छपरावर पडणाऱ्या उन्हाने, हा हिशेब राहणारच. ऊन अल्लाहची नेमत आहे, तिला मीटर नाही.

ज्यांना वाडीवर खोली बांधायची आहे त्यांनी नकाशा काढतानाच दक्षिणेची मोकळी जागा, उंच टाकीचा ओटा आणि बंबाची पडवी धरून ठेवावी. नंतर भिंती फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते. मशीद व मदरशांच्या ट्रस्टींनी या थंडीपूर्वी निदान एक संच बसवून पाहावा. आणि साकीनाक्याच्या कारागिरांनी, विशेषतः तरुण फिटर-वेल्डर बांधवांनी, दोघे-तिघे मिळून पहिला संच आपल्याच कुणाच्या गावी उभा करावा, एक वर्ष तो चालवून पाहावा आणि मगच बाजारात उतरावे. इन्शाअल्लाह, त्यात हलाल रोजी आहे आणि एखाद्या म्हाताऱ्या आई-वडिलांची दुआही आहे.